रानबोकडाचं वाडगं

माझ्या मुलीने खालच्या मजल्यावरच्या इराणी बाईला ‘खाले’ म्हणायला सुरुवात केली, त्या दिवसापासून मला ती बाई आवडेनाशी झाली. खाले म्हणजे मावशी. सख्खी मावशी नाशिकला बसून दर रविवारी व्हिडिओ कॉलवर “काय गं पिल्लू, जेवलीस का?” असं विचारते. तिला हे पिल्लू “हालो” म्हणतं आणि फोन माझ्या हातात कोंबतं. आणि जिच्याशी आमचं नातं एवढंच, की तिच्या छतावर आमची फरशी आहे, ती मात्र मावशी.

आम्ही हॅनोव्हरला राहतो. नवरा गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहे, मी एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर आहे. टेस्टर म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधायच्या आणि सभ्य भाषेत लिहून कळवायच्या. सभ्य भाषा ऑफिसातच संपते, घरी आणायला उरत नाही, असं नवऱ्याचं म्हणणं आहे. मुलगी इथलीच, इथेच जन्मलेली, गेल्या वर्षी बारा पूर्ण केलेली. तिला मराठी सगळं कळतं. मी मराठीत विचारायचं आणि तिने जर्मनमध्ये उत्तर द्यायचं, असा आमच्या घरचा शिरस्ता होता. मी काही वर्षं त्याच्याशी भांडले, मग दमले.

पण एक काळ असा होता, की ती माझ्या मांडीला मांडी लावून बसायची. चातुर्मासात माझी आई दारात गोपद्मं काढायची, गाईच्या खुरांची पावलं, छोटी छोटी, एकाशेजारी एक. इथे दारात काढायची सोय नाही. एकदा ट्रेपेनहाउसमध्ये, म्हणजे जिन्यात, काढली होती, तर जिना पुसायची पाळी असलेल्या शेजाऱ्याने सकाळीच ती साफ केली आणि वर आमच्या दारावर चिठ्ठी लावली. तेव्हापासून मी देव्हाऱ्यापुढे लाकडी पाटावर काढते. मुलगी चार-पाच वर्षांची असताना माझ्याबरोबर काढायची. दोन फुगीर अर्धी, मध्ये चीर, की झालं खूर. तिची खुरं बदकाच्या पायांसारखी यायची आणि ती स्वतःच हसायची. पुढे शाळेतली एक मैत्रीण घरी आली, तिने पाटाकडे बघून काहीतरी विचारलं, आणि त्यानंतर आमची बया पाटावर बसली नाही. “पाइनलिश,” म्हणाली. लाज आणणारं. तिचं तो शब्द उच्चारणं अजून माझ्या कानात आहे.

तर ही इराणी बाई. नवरा वारलेला, मुलगा ड्रेस्डेनला चिप बनवायच्या कारखान्यात. ती स्वतः आयुष्यभर एका संग्रहालयात कामाला होती. काम काय, तर उत्खननात सापडलेल्या खापरांची चित्रं काढायची. खापर समोर ठेवायचं, मोजायचं, आणि त्यावरची प्रत्येक रेघ काळ्या शाईने कागदावर उतरवायची. निवृत्त झाल्यावर तिने मातीत हात घातला आणि त्याच जुन्या भांड्यांच्या नकला करू लागली. घरी चाक, आणि भाजायला गावातल्या फोल्क्सहोखशूलेची, प्रौढांच्या संध्याकाळच्या शाळेची, भट्टी. हे सगळं मला जिन्यातल्या ‘हालो, हालो’तून कळलेलं होतं. त्यापलीकडे आमचं काही नव्हतं आणि मला काही नको होतं.

मग एका गुरुवारी मुलगी श्लुसेल, म्हणजे घराची किल्ली, विसरून शाळेत गेली. मी ऑफिसात मीटिंगमध्ये होते, फोन बंद. घरी आले तर मुलगी खालच्या मजल्यावरून वर आली, बोटांना तपकिरी रंग लागलेला, गालावरही एक पट्टा, आणि तोंडाची टकळी सुरू. आल्झो ममा, ऐक ना, तिच्याकडे एक पेला आहे, त्यावर पक्षी आहेत, त्यांच्या माना एवढ्या लांब, आणि तो सहा हजार वर्षांपूर्वीचा आहे, म्हणजे तिचा नाही, खरा, आणि पेल्याला ते पियाले म्हणतात. हे सगळं जर्मनमध्ये, एका दमात.

“अगं, प्याला आपल्यातही म्हणतात,” मी म्हणाले. “आपण रोज पेल्यातच पाणी पितो.”

“आहा,” ती म्हणाली आणि हात धुवायला गेली.

तेच तर. मी इतकी वर्षं घरात पेला पेला म्हणते आहे, त्याचं काही नाही. खालच्या बाईने एकदा पियाले म्हटलं आणि शब्दाला सोन्याचा मुलामा चढला. माझ्या पोटात तेव्हाच दुखायला लागलं होतं. मी ते जेवण उशिरा झाल्याच्या खात्यावर टाकलं.

त्यानंतर दर गुरुवार खालेचा. किल्ली दप्तरात असली तरी. मी एकदा मुद्दाम आणायला गेले, म्हणजे नेमकं काय चालतं ते बघायला. बाईने “या, या” करून आत घेतलं, चहा पुढे ठेवला, खडीसाखरेचा खडा बशीत. भिंतीवर तिने काढलेली खापरांची चित्रं, खिडकीत ओळीने भांडी. मी टेस्टरच्या नजरेने बघत होते. एक चूक सापडावी, एवढीच इच्छा होती. पण खरं सांगते, भांडी सुंदर होती. फिकट पिवळसर माती, अंड्याचं कवच असावं तितकी पातळ, आणि त्यावर फक्त एक रंग, तपकिरी-काळा. एका उंच पेल्यावर वरच्या कडेला लांब मानेच्या पक्ष्यांची रांग, इतकी दाट, की लांबून नुसत्या उभ्या रेघा वाटाव्यात. त्याखाली आडवे, लांबलचक ताणलेले कुत्रे, पळणारे. आणि त्याखाली, पेल्याचा सगळा मधला भाग व्यापून, एक रानबोकड. त्याचं अंग म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. पाय म्हणजे काड्या. पण शिंगं! डोक्यातून निघून मागे वळत, पाठीवरून खाली येत, पूर्ण गोल केलेली. बोकडापेक्षा शिंगंच मोठी. आणि त्या गोलाच्या आत आणखी एक छोटा गोल, त्यात बारीक रेघा.

“आत काय आहे?” न राहवून मी विचारलं.

बाई उत्तर देणार तेवढ्यात माझी मुलगी बोलू लागली. कुणी म्हणतं शेत, कुणी म्हणतं पाणी. कुणालाच माहीत नाही, कारण तेव्हा लिहिता येत नव्हतं. हे पेले सूसा नावाच्या गावात मेलेल्या माणसांबरोबर पुरलेले सापडले. कोरड्या कच्च्या मातीवर रंगवायचं आणि मग भाजायचं. माती रंग लगेच पिऊन टाकते, म्हणून रेघ खोडता येत नाही. पट्टा काढताना हात हलवायचा नाही, कुंचला धरून ठेवायचा आणि भांडं फिरवायचं. शिंग एका श्वासात.

“गेनाऊ,” बाई म्हणाली. अगदी बरोबर. आणि तिने माझ्या मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला. मुलीने तो फिरवू दिला. माझा हात लागला की ती मान काढून घेते, केस विस्कटतात म्हणून.

मग बाईने एक फोटो दाखवला. पक्ष्यांची रांग पेल्याभोवती फिरून जिथे सुरू झाली तिथे परत येते, तिथे जागा कमी पडली होती. शेवटचा पक्षी चेपून, अंग चोरून उभा होता. सहा हजार वर्षांपूर्वी कुणाचा तरी अंदाज चुकला आणि खोडता आलं नाही. मुलगी त्या पक्ष्याकडे बघून खिदळली. बाईही हसली. दोघींचं ते ठरलेलं हसू होतं, आधी कितीदा तरी हसून झालेलं. मी चहा संपवला. चहा चांगला होता, तेही मला आवडलं नाही.

घरी येताना जिन्यात मी मुलीला म्हटलं, “मला कधी इतकं सांगत नाहीस गं.”

“तू कधी विचारत नाहीस,” ती जर्मनमध्ये म्हणाली. भांडायच्या सुरात नाही, नुसतं सांगितल्यासारखं.

रात्री नवऱ्याकडे मी तक्रार केली. तो म्हणाला, “अगं, फुकटची आर्ट टीचर मिळाली आहे. इथे कोर्स लावायचा तर वेटिंग लिस्ट असते. जळतेस कशाला?”

“मी जळत नाहीये.”

“बरं,” तो म्हणाला, आणि बरं या शब्दात जितकं भरता येईल तितकं त्याने भरलं.

जळत होतेच. लपवण्यात अर्थ नाही. कुणी माझ्या नवऱ्याकडे बघून हसलं असतं तरी माझा इतका तिळपापड झाला नसता.

मे महिन्यात मुटरटाग येतो, मातृदिन. मला त्याचं कौतुक नव्हतं. पण इथल्या किंडरगार्टनपासून मुलं आईसाठी काहीतरी करून आणतात, आणि दरवर्षी मला काहीतरी मिळायचं. कधी मीठ-कणकेचा हात, कधी चकचकीत कागदाचं हृदय. सगळं कपाटात ठेवलेलं आहे. त्या रविवारी मी उगाचच लवकर उठले. कुणी काही बोललं नाही. नाश्ता झाला. मुलगी खाली निघून गेली, आणि तीही रविवारी, गुरुवार नसताना. मी भांडी आपटत घासली.

दुपारी ती वर आली. हातात रुमालाने झाकलेलं काहीतरी. टेबलावर ठेवून रुमाल काढला आणि मागे सरकून उभी राहिली. वाडगं होतं. आत हरभऱ्याच्या पिठाच्या छोट्या फुलांच्या आकाराच्या बिस्किटांची रास, प्रत्येकावर पिस्त्याची चिमूट.

“गुक माल,” ती म्हणाली. बघ ना.

“खालेने पाठवलं?”

तिने खांदे उडवले. “श्योन?”

“हो, छान आहे,” मी म्हणाले आणि एक बिस्कीट तोंडात टाकलं. ते जिभेवर ठेवताच विरघळलं. म्हणजे बेसनाचा लाडूसुद्धा हिच्याकडून शिकायचा आता. मुलगी अजून तिथेच उभी होती, म्हणून मी वाडग्याकडे बघितलं. बाहेरून रानबोकड, तोच, गोल शिंगांचा. पण त्याच्या पायांखाली, वाडग्याच्या तळाशी चहूकडून फिरत गेलेली, पावलं होती. दोन फुगीर अर्धी, मध्ये चीर. गोपद्मं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. माझी गोपद्मं. माझ्या आईची. तिच्या त्या सहा हजार वर्षं जुन्या बोकडाच्या पायाखाली, तिच्या भांड्यावर. मुलगी नेली, मावशी झाली, मुटरटागचा दिवससुद्धा नेला, आणि आता हेही उचललं.

“हे आपलं आहे,” मी म्हणाले. “गोपद्म. हे तिला कुणी दाखवलं?”

“इश,” मुलगी म्हणाली. मी. आणि तिचे डोळे असे चमकले, की मला वाटलं, हिला त्याचाही अभिमान आहे, घरातलं नेऊन बाहेर दिल्याचा.

“वाटलंच,” मी म्हणाले.

मी बिस्किटं स्टीलच्या डब्यात काढली, वाडगं धुतलं, पुसलं. मुलगी बघत होती. “वास माख्स्ट डू दा?” काय करते आहेस?

“भांडं परत नको द्यायला? आणि रिकामं कसं देणार?”

आमच्याकडे रिकामं भांडं परत जात नाही. शेजारून वाटीभर काही आलं तर वाटीत काहीतरी घालूनच परत करायची. घरात काही नसेल तर साखर घालायची. माझ्या आईने हे मला शिकवलं, ते शिकवावं लागतं असंही नाही, हात आपोआप डब्याकडे जातो. त्या दिवशी तर मी ईर्षेला पेटले होते. कढई चढवली, साजूक तूप ओतलं, बेसन भाजायला घेतलं. घरभर वास सुटला. संध्याकाळपर्यंत लाडू वळून झाले, प्रत्येकावर बेदाणा. वाडग्यात मावतील तितके रचले, वर एक चढवला.

“जा, देऊन ये खालेला,” मी म्हणाले.

मुलीने वाडगं हातात घेतलं. क्षणभर मला वाटलं, ती काहीतरी बोलणार. मग ती गेली. परत आली तेव्हा सरळ खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. त्या वयाच्या मुली दारं लावतातच, मी त्याचा विचार केला नाही.

काही दिवसांनी बाई स्वतः वर आली. हातात तेच वाडगं, आता सुक्या तुतींनी आणि बदामांनी भरलेलं. लाडवांचं फार कौतुक केलं. मग वाडगं माझ्या हातात देत म्हणाली, “हे ठेवून घ्या. वाडगंसुद्धा.”

“छे छे, असं कसं!” मी म्हणाले. जर्मनमध्ये छे छे म्हणता येत नाही, पण सूर तोच. समोरचा ठेवून घ्या म्हणतो, आपण नाही नाही म्हणायचं, ही रीत आहे. आणि इराणी लोक तर यात आपल्या वरताण असतात, असं मी ऐकून होते. टॅक्सीवालासुद्धा पैसे नकोत म्हणतो म्हणे, आणि ते खरं मानायचं नसतं.

“खरंच,” ती म्हणाली. “मला बोलता येत नाही, पण ठेवून घ्या.”

बोलता येत नाही म्हणजे जर्मन येत नाही, असं मी समजले. आणि मनातल्या मनात सुखावले. तिची जर्मन माझ्याहून चांगली होती, तरी.

मी चकल्या तळल्या. चकल्या पाठवून वाडगं परत गेलं. नेऊन द्यायला पुन्हा मुलगीच. यावेळी तिने काही विचारलं नाही. पुढच्या आठवड्यात वाडगं केशर घातलेल्या पिवळ्या खिरीसारख्या पदार्थाने भरून आलं, वर दालचिनीची नक्षी. मी नारळाच्या वड्या केल्या. ही बाई हार मानत नव्हती आणि मीही मानणार नव्हते. नवऱ्याचं वजन वाढलं. तो म्हणाला, “तुमच्या दोघींचं हे काय चाललं आहे ते मला कळत नाही, पण चालू दे.”

मला कळत होतं. मला जिंकायचं होतं. कशात, ते मात्र मला तेव्हा कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

वड्या पाठवायच्या आदल्या रात्री, जेवताना, वाडगं टेबलावर होतं. मुलगी भात चिवडत होती. मला बोलायची खुमखुमी आली. मी वाडगं उचलून दिव्याखाली धरलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “बघा जरा. शिंग वाकडं आहे. एका श्वासात म्हणे! इथे मध्येच श्वास घेतलाय. आणि ही पावलं. सुरुवातीला कशी ऐसपैस काढली आहेत, आणि शेवटचं पाऊल चेपलंय, जागाच उरली नाही. इतकी वर्षं काम केलं म्हणे.”

नवरा हसला. माझं बोलणं त्याला आवडलं, की तो नुसता सवयीने हसला, कुणास ठाऊक. मुलगी हसली नाही. तिने ताट उचलून सिंकमध्ये ठेवलं, पाणी सोडलं, आणि गेली.

त्यानंतर ती खाली जाईनाशी झाली.

पहिल्या गुरुवारी मी विचारलंसुद्धा नाही, हलकेच आनंदले. दुसऱ्या गुरुवारी केक आणला. वाटलं, आली पोरगी परत. आता आम्ही दोघी टेबलाशी बसू, ती सांगेल, मी विचारेन. आता मला विचारायचं होतं. पण ती खोलीतच असायची, दार लावून. टेबलावर पूर्वी कागद पसरलेले असायचे, बोकड, पक्षी, पळणारे कुत्रे, सगळ्या बाजूंनी. ते कागद दिसेनासे झाले. एकदा केरात बघितले, दुमडून टाकलेले. रंगाची डबीही तिथेच. मी डबी काढून ठेवली, का ते माहीत नाही.

आषाढ लागला. देवशयनी एकादशीला मी पाट काढला, रांगोळी घेतली. मुलगी पाणी प्यायला स्वयंपाकघरात जाताना मी हाक मारली, “ये ना. खुरं काढू.”

“काइने लुस्ट,” ती म्हणाली. इच्छा नाही. आणि पाटाला वळसा घालून गेली. पायसुद्धा पावलांना लागू दिला नाही. मला रडू आलं. ते मी कुणाला सांगितलं नाही, अगदी नवऱ्यालाही नाही. एकटीच पाटासमोर बसून काढत राहिले. जिंकले होते, मुलगी घरात होती, आणि घरात कुणी नव्हतं.

शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या आधीच्या आठवड्यात बेल वाजली. मी घरूनच काम करत होते. दारात खालची बाई. हातात तेच वाडगं. या खेपेला बराच उशीर लागला होता वाडगं यायला, मला वाटलं, थकली.

तिने वाडगं माझ्यापुढे धरलं. मी आत बघितलं.

रिकामं.

धुतलेलं, कोरडं, रिकामं. मला झोंबलं. आमच्यात याचा एकच अर्थ होतो आणि तिच्यातही तोच होत असणार. इतके दिवस एकदाही तिने रिकामं आणलं नव्हतं. म्हणजे संबंध संपला, देणंघेणं बंद. मी चेहरा कोरडा केला आणि काहीतरी औपचारिक बोलायला तोंड उघडलं.

“मी काहीही घातलं,” ती सावकाश म्हणाली, “की तुम्ही परत पाठवता. म्हणून काही घातलं नाही.”

मी वाडगं हातात घेतलं.

“मी एका मुलीला शब्द दिला आहे, तो मोडत नाही. ती म्हणाली होती, सांगायचं नाही, ममा ओळखेल. म्हणून मी आजही सांगत नाही. पण हे वाडगं माझं नाही. ते माझ्याकडे राहू शकत नाही. मी खूप प्रयत्न केला.”

मग ती जिना उतरून गेली. चहाला थांबवायचंही मला सुचलं नाही.

मी दार लावून तिथेच उभी राहिले. वाडगं इतक्या वेळा माझ्या हातातून गेलं होतं, पण दर वेळी भरलेलं, नाहीतर नळाखाली ओलं, नाहीतर दिव्याखाली चुका काढायला धरलेलं. आता ते नुसतं हातात होतं. शिंगाची रेघ मध्ये थरथरली होती, जिथे एक श्वास पुरला नव्हता. पावलं. आपण जे शोधत असतो तेच सगळीकडे दिसतं, म्हणून मी त्यात चोरी बघितली. एक एक बघत गेले, तर ती बदकाच्या पायांसारखी होती. पहिल्यापासून शेवटपर्यंत. खालच्या बाईच्या हाताने तशी आली नसती. ती तसं पाऊल काढूच शकली नसती. तसं काढणारी एकच व्यक्ती मला माहीत होती, आणि शेवटचं पाऊल, चेपलेलं, अंग चोरलेलं, तिनेच काढलेलं. खोडता येत नाही म्हणून तसंच ठेवलेलं. मुटरटागला टेबलावर ठेवून ती मागे सरकून उभी राहिली होती. कुणी दाखवलं विचारलं, तर ‘मी’ असं म्हणाली होती. आणि मी तीन वेळा कढई चढवली होती.

आणि तरीही, खरं तेच सांगायचं तर, त्या क्षणी मला पहिली भावना झाली ती हेव्याचीच. रिकामं पाठवायचं, हे तिला सुचलं. इतका साधा उपाय, आणि तोही आपल्याच रीतीतला, उलटा करून. माझ्या घरातला गुंता त्या बाईने सोडवला आणि मी दारात खुळ्यासारखी उभी. माझी मुलगी मला ओळखता आली नाही आणि तिला माझ्यासकट ओळखता आली. मला तिचा इतका राग आला, की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पाणी कशाचं होतं, ते मग कळेना.

नवऱ्याला फोन करावा वाटलं, केला नाही. काम उघडंच होतं, त्यात कुणाच्या तरी चुका माझी वाट बघत होत्या. मी लॅपटॉप मिटला. वाडगं टेबलाच्या मध्यभागी ठेवलं. काही घालावं का त्यात, फळं, चॉकलेटं, असं दहादा मनात आलं. हात आपोआप डब्याकडे जात होता. मी तो मांडीखाली दाबून बसले. केरातून काढलेली रंगाची डबी वाडग्याशेजारी ठेवली, मग उचलली, मग पुन्हा ठेवली.

दुपारी किल्ली फिरली. मुलगी आत आली, दप्तर पाठीवर, पायात बूट. बूट काढता काढता तिची नजर टेबलावर गेली आणि तिथेच थांबली.

“अजून भरलं नाहीस?” तिने जर्मनमध्ये विचारलं.

“नाही. भरणार नाही. ते आता परत जाणार नाही,” मी म्हणाले. “ते माझं आहे.”

 एक बूट पायात, एक हातात. मग ती टेबलाशी आली. वाडगं उचललं, दिव्याखाली धरावं तसं वर धरलं, आणि हळूहळू फिरवलं. हात स्थिर, भांडं फिरतं. माझ्याकडे बघितलं नाही.

“शिंग वाकडं आहे,” ती म्हणाली. मराठीत. स्वच्छ, एकही अक्षर न चुकता. “शेवटचं पाऊल चेपलंय. इतकी वर्षं काम केलं म्हणे.”

कित्येक वर्षांनी माझी मुलगी माझ्याशी मराठीत बोलली होती, आणि सगळे शब्द माझेच होते.